फट मिटली, म्हणून चेहरा बदलला?

मागच्या दाढा पूर्ण मिटल्या तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये फट उरते, त्या ठेवणीला ओपन बाइट म्हणतात. फटीतून जीभ दिसते, चपातीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नाही, ‘स’ म्हणताना हवा निसटते. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आईवडील ऑर्थोडॉन्टिस्टकडे येतात ते सहसा चपातीसाठी नाही. ‘हिचं तोंड सारखं उघडं असतं’, ‘चेहरा लांबट होत चाललाय’, ‘हनुवटी आत गेल्यासारखी वाटते’ अशा तक्रारी असतात. आजी सोबत असली तर ‘पुढे लग्नाच्या वेळी...’ हे वाक्य अर्धेच सोडलेले असते. या सगळ्यामागे एक ठाम समजूत आहे: वाढीच्या वयात ही फट मिटवली की चेहरा आखूड होईल, हनुवटी पुढे येईल, जबडा रेखीव दिसेल. ही समजूत पालकांपुरती असती तर तिच्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. दवाखान्यांच्या जाहिराती तिच्यावर चालतात, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे जोडफोटो तिचा पुरावा म्हणून दाखवले जातात, आणि जरा सौम्य शब्दांत व्यवसायातले जाणतेही तीच सांगतात.

पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून आधी तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. खालचा जबडा कानापुढच्या सांध्यावर बिजागरीसारखा फिरतो. मागच्या दाढा उंच असल्या तर त्या आधी टेकतात आणि पुढे जबडा मिटायचा राहून जातो. त्याच दाढा हाडात १ मि.मी. दाबल्या, तर बिजागरीच्या हिशेबाने पुढची फट २ ते ३ मि.मी. कमी होते, आणि जबडा वर-पुढे फिरल्यामुळे हनुवटीही वर-पुढे येते. हे भूमितीचे झाले. शिवाय मूल वाढत असते. हाड अजून घडायचे असते, तेव्हा त्या वाढीला वळण का लावू नये? आणि तिसरे म्हणजे लांब चेहरा हा तोंडाने श्वास घेण्याचा आणि जीभ पुढे ढकलण्याच्या सवयीचा परिणाम आहे. सवय मोडली की चेहरा वाचतो.

यातले पहिले विधान खरे आहे, पण त्याचा आकडा कोणी सांगत नाही. आपण काढून पाहू. किशोरवयात सांध्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण ११० मि.मी. असते. जबडा १ अंशाने फिरला तर हनुवटी जेमतेम १.९ मि.मी. सरकते. हनुवटी सांध्याच्या पुढेही असते आणि खालीही, त्यामुळे ही सरक जवळपास सारखी वाटली जाते: सव्वा-दीड मि.मी. वर, तेवढीच पुढे. आता जबडा प्रत्यक्षात किती अंशांनी फिरतो? जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात उमेमोरी, सुगावारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जबड्याच्या हाडावर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या बसवून दाढा ३ ते ५ मि.मी. दाबून दाखवल्या, तेव्हा व्यवसायात मोठी खळबळ उडाली. तोवर हे काम शस्त्रक्रियेशिवाय होत नाही असे मानले जाई. त्यानंतर पट्ट्यांच्या जागी बारीक स्क्रू आले आणि पद्धत सर्वत्र पसरली. मात्र रांगेने आलेल्या रुग्णांची मोजमापे निघू लागली तसा उत्साह बेताचा झाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या गटाने २०१४ मध्ये ३० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. वरच्या दाढा सरासरी २.३ मि.मी. दाबल्या गेल्या होत्या. चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची सरासरीने त्याहूनही कमी, दीड-दोन मि.मी. घटली, म्हणजे जबडा एक-दोन अंशच फिरला. आणि हे साधन आजवरच्या साधनांत सर्वांत प्रभावी. ज्या रुग्णांच्या दाढा अशा रीतीने दाबल्या त्यांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा सुगावारांच्या मालिकेत खालच्या दाढांनी मिळालेल्या जागेपैकी सुमारे ३० टक्के परत घेतली होती. कोरियातल्या बेक यांच्या २०१० च्या पाहणीत वरच्या दाढांनी तीन वर्षांत सुमारे २३ टक्के.

हा दीड-दोन मि.मी. कागदावर कसा दिसतो ते एकदा पाहण्यासारखे आहे. बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, ज्याला सेफॅलोग्राम म्हणतात, १९३१ पासून वापरात आहे. क्लीव्हलंडमध्ये ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडला. त्यावर पारदर्शक कागद ठेवून कवटीचा तळ, नाकाचे मूळ, जबड्याची खालची कड, दात अशा रेषा काढतात. उपचारापूर्वीच्या काळ्या, नंतरच्या लाल. मग दोन्ही कागद कवटीच्या तळावर जुळवून एकमेकांवर ठेवायचे. पुढच्या दातांपाशी लाल रेषा काळीपासून स्पष्ट सुटलेली दिसते. जबड्याच्या खालच्या कडेवर मात्र दोन्ही रेषा पेन्सिलीच्या जाडीइतक्याच अंतरावर लगटून जातात, आणि मोजणारा बदलला की त्यांची बाजूही कधीकधी बदलते. फट ६ मि.मी. होती ती मिटलेली आहे, यात शंका नाही. ती बहुतेककरून दातांनी मिटवलेली आहे: पटाशीचे दात खाली आले, थोडे आत कलले, आणि काम झाले. १९८७ मध्ये यंग किम यांनी तारेत अनेक वेटोळी घालून ओपन बाइट मिटवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे निकाल देखणे आहेत, पण नंतर मोजणाऱ्यांना आढळले की तिथेही हाडांपेक्षा दातच हलले होते.

वाढीला वळण लावण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे, कारण त्याच्या मागे खरे शास्त्र आहे. कोपनहेगनचे आर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यांत बारीक धातूच्या खुणा रोवून वर्षानुवर्षे एक्स-रे काढले. १९६९ मधला त्यांचा लेख आजही वाचला जातो. त्या खुणांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली: सर्वसाधारण मुलाच्या जबड्याचा गाभा बालपणापासून प्रौढ होईपर्यंत पुढच्या दिशेने सरासरी १५ अंश फिरतो, पण पृष्ठभागावरचे हाड त्याच वेळी उलट बाजूने घडत जाते आणि त्यातले ११-१२ अंश झाकून टाकते. बाहेरून दिसते ते जेमतेम तीन-चार अंश. आपले साधन जे एक-दोन अंश मिळवते ते या प्रचंड आतल्या हालचालीच्या तुलनेत काय आहे, हे इथे कळते. ज्या मुलाचा जबडा पुढे फिरणाराच आहे तो साधनाशिवायही फिरेल. ज्याचा मागे फिरणारा आहे, त्याच्या वाढीशी आपण रोज रात्री काही तास झगडतो, आणि वाढ मात्र दिवसरात्र चालू असते.

सुरेंद्र नंदा यांनी १९८८ मध्ये दीर्घकाळ जपून ठेवलेल्या मुलांच्या वाढीच्या नोंदी तपासून दाखवले की लांब आणि आखूड चेहऱ्यांच्या ठेवणी पौगंडावस्थेच्या बऱ्याच आधी ठरलेल्या असतात आणि पुढे त्याच वाटेने जातात. म्हणजे नवव्या वर्षी दिसणारा लांबट चेहरा हा काही महिन्यांत घडलेला अपघात नसतो. त्याची दिशा त्याआधीच बसलेली असते.

दाढांच्या वाढीला लगाम घालणारी साधनेही एका जागी हमखास फसतात. वरच्या दाढा खाली येऊ दिल्या नाहीत तर खालच्या दाढा वर उगवतात आणि राखलेली जागा भरून टाकतात. डोक्यावरून पट्टा घालून वरच्या दाढांना वर ओढणारे हेडगिअर दिवसाचे बारा-चौदा तास लावायचे असते. सातवीतल्या मुलाकडून ते किती निभते, हे त्याच्या आईलाच विचारावे. विरुद्ध बाजूचा सर्वांत चांगला पुरावाही टाळता येणार नाही. पूर्व जर्मनीच्या फ्रेंकेल यांनी बनवलेल्या साधनाने, ओठ मिटण्याच्या व्यायामासह, मुलांच्या वाढीची दिशा वर-पुढे वळवली, असा यादृच्छिक गट पाडून केलेला एक तुर्की अभ्यास १९९५ मध्ये आला. मुलांमधल्या ओपन बाइटच्या उपचारांचा कॉक्रेन आढावा २००७ मध्ये निघाला आणि २०१४ मध्ये सुधारला गेला. त्यात घ्यावे असे अभ्यास तीनच सापडले, त्यातही हा एक होता. आढावा लिहिणाऱ्यांनी हे साधन फट मिटवते असे मान्य केले, पण अभ्यासांच्या रचनेतल्या त्रुटींमुळे या पुराव्यावर भार टाकायला ते तयार झाले नाहीत. अशा एका अभ्यासावर हजारो पालकांना आखूड चेहऱ्याचे वचन देता येत नाही.

उरले जोडफोटो. मला वाटते, समजूत टिकवून धरण्यात यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. पहिला फोटो नऊ वर्षांच्या मुलाचा, दुसरा चौदाव्या वर्षाचा. पहिल्यात ओठ उघडे, दुसऱ्यात मिटलेले. मधल्या काळात तारा होत्या, तेव्हा श्रेय तारांना. पण मधल्या काळात ओठही वाढले. विग आणि कोहेन यांनी १९७९ मध्ये मुलांचे विशीपर्यंतचे एक्स-रे तपासले तेव्हा आढळले की ओठांची उंची वयाबरोबर वाढत जाते, खालच्या ओठाची वरच्यापेक्षा जास्त, आणि ओठांमधले अंतर कमी होत जाते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे ओठ सहज मिटत नसणे ही पुष्कळदा वयाचीच गोष्ट असते. मुलग्यांमध्ये तर ओठ अठराव्या वर्षापर्यंत वाढत राहतात. तारा न लावलेल्या धाकट्या भावाचे नवव्या आणि चौदाव्या वर्षाचे फोटो शेजारी ठेवले तरी ओठ मिटलेलेच दिसतील, फक्त ते कोणी दवाखान्याच्या भिंतीवर लावत नाही.

आणि मान. बाजूने फोटो काढताना मुलाने डोके अवघे ५ अंश वर उचलले, तर नाकाच्या मुळाच्या तुलनेत हनुवटी जवळजवळ सेंटीमीटरभर पुढे आलेली दिसते. दाढा दाबून वर्षभरात मिळणाऱ्या सव्वा-दीड मि.मी.च्या हे कितीतरी पट आहे. उपचार संपल्यावर मूल आत्मविश्वासाने मान वर करून उभे राहते, ही चांगलीच गोष्ट. पण ती हाडातली नाही. दोन्ही फोटोंत नजर समोर, डोके सारख्याच स्थितीत, ओठ सैल आणि न हसता, एवढी शिस्त पाळली तर निम्मे जोडफोटो आपोआप निकालात निघतील.

जिभेच्या मुद्द्याचे खंडन १९७८ मध्येच विल्यम प्रॉफिट यांनी करून ठेवले आहे. जीभ दातांवर आदळते ती गिळताना, आणि माणूस दिवसाला हजारच्या आत-बाहेर वेळा गिळतो, प्रत्येक वेळी सेकंदभर. सगळे मिळून काही मिनिटे होतात. दात हलायला रोज काही तास टिकणारा दाब लागतो. गिळताना जीभ पुढे येते ती पुष्कळदा फट बंद करून घास आत ठेवण्यासाठी. फट आधीची, सवय नंतरची. विश्रांतीत जीभ कुठे असते याला मात्र महत्त्व आहे, आणि अंगठा चोखण्याला तर फारच. रात्रभर तोंडात अंगठा ठेवणाऱ्या मुलाचे दात खरोखर उघडतात. पण अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावून असो की टाळूला तारेची जाळी बसवून, पक्के पटाशीचे दात येण्याच्या सुमारास ती सवय सुटली तर बहुतेक फटी काही उपचार न करता मिटतात. श्वासाचे गुंतागुंतीचे आहे. हार्वोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून प्रयोग केले; माकडांचे जबडे बदलले, पण प्रत्येकाचे वेगळ्या तऱ्हेने. स्वीडनमध्ये लिंडर-अरॉनसन यांनी अॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढलेल्या मुलांचा पाठपुरावा केला. जबड्याच्या वाढीच्या दिशेत सरासरी थोडा फरक दिसला, मुलामुलांत मात्र मोठी तफावत होती. नाक बंद असलेल्या मुलाचे नाक मोकळे करावे ते त्याला श्वास घेता यावा, झोप लागावी म्हणून. मोबाइलवर जॉन आणि माइक म्यू या पितापुत्रांच्या नावाने फिरणाऱ्या, जीभ टाळूला चिकटवून जबडा घडवण्याच्या धड्यांवर यापेक्षा जास्त जागा खर्च करत नाही.

उलट्या टोकाचीही एक समजूत आहे: तारांसाठी उपदाढा काढल्या की चेहरा ‘बसतो’. आणि तिची जुळी बहीण: उपदाढा काढल्या की दाढा पुढे सरकून जबडा मिटतो आणि चेहरा आखूड होतो. उभ्या उंचीच्या बाबतीत दोन्ही मोजमापात टिकत नाहीत. दात काढल्याने ओपन बाइट मिटायला मदत होते ती पटाशीचे दात आत कलल्यामुळे.

मग या उपचाराने चेहऱ्यात काहीच बदलत नाही का? बदलते, आणि जे बदलते ते मोलाचे आहे. फक्त ते नाकाखाली आणि हनुवटीच्या वर, ओठांच्या आसपास घडते. आणि तिथेच फट कशी मिटवली याला अर्थ येतो. दोन मुली घ्या, दोघींची फट ४ मि.मी. पहिलीने सातव्या वर्षापर्यंत अंगठा चोखला. तिचे ओठ सैल असताना वरचे दात जेमतेम दिसतात, हसली तरी अर्धेच. तिचे वरचे पटाशीचे दात तारांनी खाली आणले की फट मिटते आणि हसू उजळते. दुसरीचा चेहरा खरोखर लांब आहे. ओठ सैल असतानाच ५-६ मि.मी. दात दिसतात, हसताना हिरड्या दिसतात, आणि ओठ मिटायला सांगितले की हनुवटीचा स्नायू आवळून तिथल्या कातडीवर बारीक खळ्या पडतात. हिच्या तोंडातही रबर लावून वरचे दात खाली ओढले तर फट तितकीच झकास मिटेल. आणि हिरड्या आणखी दिसू लागतील. दोघींच्या फायलींत ‘ओपन बाइट मिटला’ हेच लिहिले जाईल, एकीचे हसू सुधारलेले असेल, दुसरीचे बिघडलेले. दुसरीसाठी दाढा दाबणे किंवा खालचे दात वर आणणे हे जास्त शहाणपणाचे, मग त्याला वेळ जास्त लागला तरी. म्हणून पालकांनी ‘चेहरा सुधारेल ना?’ यापेक्षा ‘फट वरचे दात खाली आणून मिटवणार की दाढा वर दाबून?’ असे विचारले तर त्यांना खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. सैल ओठांचा फोटो काढल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याकडून उपचार घेण्याची घाई करू नये.

मिटलेली फट टिकते का, हे वेगळेच. लोपेझ-गाविटो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये, उपचारानंतरचे रिटेनर थांबवून दहा वर्षे झालेल्या रुग्णांना परत बोलावले, तर एक तृतीयांशाहून अधिक जणांत ३ मि.मी. किंवा जास्त फट पुन्हा आढळली. २०११ मध्ये ग्रीनली आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली आकडेवारी जास्त दिलासा देणारी आहे: शस्त्रक्रियेविना सुमारे ७५ टक्के, शस्त्रक्रियेने सुमारे ८२ टक्के रुग्णांत पुढचे दात एकमेकांवर टिकून राहिले. या दोन संख्यांची जोडीच माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट आधार आहे. दोन्ही गटांतले रुग्ण सारखे नव्हते, हे मान्य. तरीही दातांच्या हिशेबात शस्त्रक्रियेची आघाडी सात टक्क्यांचीच. चेहऱ्यावर मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर कापून, मधली हाडाची पट्टी काढून तो वर बसवला की हिरड्या झाकल्या जातात, खालचा जबडा त्याच्या मागोमाग वर-पुढे येतो, ओठ न आवळता मिटतात. प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या शस्त्रक्रिया टिकाऊपणाच्या क्रमाने मांडल्या, त्यात ही वर सरकवण्याची शस्त्रक्रिया पहिल्या क्रमांकाच्या आसपास आहे. दात मिटणे आणि चेहरा आखूड होणे या एकाच गोष्टी असत्या तर पहिल्यात थोडा आणि दुसऱ्यात एवढा फरक पडला नसता.

ही शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच करतात, आणि चेहऱ्याची उभी वाढ सर्वांत शेवटी थांबते. मुलींमध्ये बहुधा सतरा-अठराला, मुलग्यांमध्ये विशीच्या पुढेही. तोवर त्या दुसऱ्या मुलीला तारा लावायच्याच नाहीत असे नाही. वाकडे दात सरळ करता येतील, फट काही अंशी कमी करता येईल, अंगठा आणि नाक यांची काळजी घेता येईल. मात्र वरचे दात खाली ओढून ठेवले असतील तर अठराव्या वर्षी शल्यविशारदाला आधी तेच उलटवावे लागते, आणि त्या उलटवण्यात आणखी एखादे वर्ष जाते.